लक्ष्मीबाईंचं स्वयंपाकघर

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. स्वयंपाकघराचा! ओट्याचा कडप्पा चिरलाय, सिंकखालचं दार ओल धरून फुगलंय, मांडणीला गंज चढलाय. गवंडी येऊन बघून जातो, आकडा सांगतो, आणि तो ऐकून आपण म्हणतो, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मग डोक्यात हिशेब सुरू होतो. भिशी कधी लागते, सोसायटीचं कर्ज कधी फिटतं, पोराची फी भरून काय उरतं. अगदीच अडलं तर कपाटातल्या डबीकडं लक्ष जातं. त्या डबीत काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं हाताशी पैसा नसताना आपलं स्वयंपाकघर पार बदलून टाकलं होतं. ना ओटा नवा केला, ना फरशी बसवली. तिथं कोण जेवायला बसणार, किती जण बसणार आणि रांधणार कोण, हे बदललं. त्यासाठी तिची डबी मात्र रिकामी झाली. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील हे त्यांचं नाव. सातारा-सांगलीकडं रयतच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकीनं त्यांचा फोटो पाहिलाय. मंगळसूत्राची गोष्टही प्रत्येकीनं ऐकलीय. पण त्या गोष्टीच्या आधी आणि नंतर त्या चुलीपुढं रोज काय चाललं होतं, त्याकडं आपण फारसं बघत नाही.

लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव आदाक्का. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजच्या पाटील घराण्यातली ही मुलगी. भाऊरावांचं आजोळही कुंभोजच, त्यांचा जन्म तिथलाच, २२ सप्टेंबर १८८७ चा. मूळ गाव वाळवे तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. दोन्ही घरं जैन, खाऊनपिऊन सुखी, गावात मानाची. त्या काळच्या रीतीप्रमाणं आदाक्का लहान वयात बोहल्यावर चढल्या आणि लक्ष्मीबाई झाल्या. माहेरनं अंगावर भरपूर सोनं घालून त्यांना सासरी पाठवलं.

अशा घरातलं स्वयंपाकघर कसं असतं, ते आपल्याकडच्या जुन्या बायकांना ठाऊक आहे. पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, उपासतापास काटेकोर पाळायचे. चुलीजवळ कुणी यायचं, कुणी उंबऱ्यापाशी थांबायचं, कुणाला ओसरीवर वाढायचं आणि कुणाला अंगणाच्या पलीकडं, याचे नियम मुलीला अक्षरं यायच्या आधी येत. ही शिस्त लक्ष्मीबाईंनी माहेरीच गिरवली होती. त्या काळात चांगली सून म्हणजे हे नियम न चुकता पाळणारी सून.

आणि नवरा कसला मिळाला? हेच नियम मोडणारा! भाऊराव कोल्हापूरला शिकायला होते. राहायला जैन बोर्डिंगात. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर विटाळ फेडायला अंघोळ कर म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंग सुटलं, पण नकार काही मागं घेतला नाही. लहानपणी तर विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून रहाटच मोडून विहिरीत टाकल्याची त्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. एकीकडं अंघोळ नाकारणारा नवरा आणि दुसरीकडं सोवळ्यात वाढलेली बायको. या दोघांचा संसार मला नेहमी त्यांच्या चुलीवरून समजून घ्यावासा वाटतो.

संसाराची सुरुवात काही सुखाची नव्हती. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण घडलं. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला भाऊरावांनी नकार दिला. त्यापायी त्यांना तुरुंगात जावं लागलं, छळ सोसावा लागला. त्यातून सुटल्यावर पोटापाण्यासाठी धावपळ. शिकवण्या केल्या. कऱ्हाडजवळच्या ओगल्यांच्या काचकारखान्याचं काम केलं, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकले, मग सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात गेले. फिरतीची नोकरी म्हणजे घर बाईवरच. महिन्यातले निम्मे दिवस नवरा बैलगाडीत नाहीतर पायी, कुठल्यातरी गावच्या वाटेवर.

या फिरतीतच भाऊरावांनी खेड्यातली पोरं पाहिली. हुशार, पण शाळाच नाही. शाळा असली तर तालुक्याला, आणि तालुक्याला राहायचं कुठं, खायचं काय? आपल्याकडं शिक्षणाची अडचण सांगताना शाळा, मास्तर, पुस्तकं यांचीच नावं निघतात. खरी अडचण भाकरीची होती. शाळेत फी माफ होईल, पण दोन वेळच्या जेवणाची माफी कोण देणार? म्हणून भाऊरावांनी आधी वसतिगृहं धरली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं. त्याच साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग सुरू झालं.

सगळ्या जातींचं एकत्र, हे शब्द आज वाचताना काही वाटत नाही. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी एवढी वसतिगृहं काढली, तीसुद्धा बहुतेक एकेका समाजाची होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, अस्पृश्यांचं वेगळं. कारण एका पंगतीत ही मुलं बसवली तर आईबाप मुलं पाठवणारच नाहीत, हे महाराजही ओळखून होते. साताऱ्यात भाऊरावांनी ते धाडस केलं. आता एका पंगतीचा अर्थ काय होतो? एकच चूल, एकच हंडा, एकच परात. भाऊरावांनी ठरवलं खरं, पण ते अमलात यायचं होतं लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात.

सोवळ्यात वाढलेल्या बाईनं हे मनापासून स्वीकारलं. एका रात्रीत झालं असेल, असं मला वाटत नाही. हाताला लागलेली सवय मनापेक्षा उशिरा सुटते. आपल्यालाही माहीत आहे ना, नवऱ्याच्या भाषणात जात कधीच गेलेली असते, पण कामवाल्या बाईचा चहाचा कप मात्र वेगळा निघतो. भाऊरावांना गावाच्या सभेत बोलायचं होतं. लक्ष्मीबाईंना महाराच्या, मांगाच्या, मराठ्याच्या, मुसलमानाच्या पोराला एकाच टोपल्यातली भाकरी द्यायची होती, आणि तीही रोज, दोन वेळा. सभा महिन्यातून एकदा होते. भूक रोज लागते. पोरांची भूक भागवायची म्हटल्यावर सोवळं बाजूला ठेवावंच लागलं आणि लक्ष्मीबाईंनी ते ठेवलं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तो आता चुलीपाशी बसून जेवू लागला. माझ्या मते त्या स्वयंपाकघरातली सगळ्यांत मोठी दुरुस्ती हीच. तिला एक पैसा लागला नाही. पण ती महाग नव्हती असं कोण म्हणेल? पाहुणेरावळे, नातलग, आपल्याच समाजातल्या बायकांची कुजबुज, या सगळ्याचा भार बाईवरच येतो.

आता जरा हिशेब मांडू. आपण बायका हिशेबाशिवाय बोलत नाही! समजा, वीस मुलं आहेत. वाढत्या वयाची, खेड्यातली, दिवसभर हुंदडणारी. एकेकाला वेळेला तीन भाकरी धरल्या तरी दिवसाच्या एकशेवीस झाल्या. आपल्याकडची ज्वारीची चांगली जाड भाकरी, किलोभर पिठात आठ बसतात. म्हणजे रोज पंधरा किलो पीठ आणि महिन्याला साडेचार क्विंटल. ही फक्त भाकरी. तिच्यासोबत आमटी नाहीतर पिठलं, हुलग्याचं माडगं, मिरचीचा खर्डा, कांदा. तेलमीठ वेगळं, सरपण वेगळं. एकशेवीस भाकरी थापायच्या म्हणजे भाकरीला दोन मिनिटं धरली तरी चार तास तव्यापुढं. चूल मातीची, धूर डोळ्यांत, आणि वर चिमणी म्हणाल तर कौलातली फट. वीसच्या जागी चाळीस मुलं आली की हे सगळं दुप्पट. घरच्या चौघांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला असा बेत महिना दोन महिने झेपेल. लक्ष्मीबाईंनी वर्षानुवर्षं रेटला, आणि पदरात स्वतःची मुलं होतीच.

पैसा कुठून येत होता? ज्यांना ऐपत होती ते पालक काही देत. बाकीचं भाऊराव गावोगाव फिरून मागून आणत. रोख कमीच, धान्य जास्त. सुगीत कुणी ज्वारीचं पोतं देई, कुणी बाजरी, कुणी गूळ. खेड्यातल्या बायकांकडून रोजच्या दळणातली मूठ बाजूला काढून घ्यायची, हीही एक पद्धत होती. म्हणजे साताऱ्याची ती चूल पेटती ठेवायला आणखी कितीतरी घरांतल्या बायकांची मूठ लागली होती. कूपर कारखान्याशी मतभेद होऊन भाऊरावांची नोकरी सुटली, तसा घरात येणारा ठरलेला पगारही थांबला. धान्य सुगीत येतं. मुलं मात्र बारा महिने जेवतात. पाऊस सुरू झाला, कणग्या तळाला गेल्या की दुकानदाराची उधारी, आणि उधारी थकली की तो माल देणार नाही. हे चक्र आपल्या आज्यांनी भोगलंय, त्यामुळं समजायला अवघड नाही.

अशा वेळी लक्ष्मीबाईंची डबी उघडली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बांगड्या गेल्या, गळ्यातलं गेलं, माहेरनं घातलेलं एकेक करून मोडीत निघालं नाहीतर गहाण पडलं. आणि एके दिवशी अशी वेळ आली की भाऊराव गावाला गेलेले, बोर्डिंगात दाणा नाही, पोरं उपाशी बसणार. अंगावर विकण्याजोगं उरलं होतं ते मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिलं आणि धान्य आणवलं. मुलं जेवली.

इथं जरा थांबायला हवं. ही गोष्ट आपण भाषणात ऐकतो, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम पुढं सरकतो. पण नवरा हयात असताना गळ्यातलं काढायचं, ही त्या काळात नुसती सोन्याची बाब नव्हती. अपशकुन तो, नवऱ्याच्या जिवावरचा. पाटलाच्या घरची सून मोकळ्या गळ्यानं दिसली तर गाव काय बोललं असेल, याची कल्पना आजही करता येते.

आणि दुसरी बाजू कायद्याची. १९२० च्या दशकात मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नव्हता. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मर्यादित हक्क मिळाला तो १९३७ च्या कायद्यानं. मुलीला वारसा मिळाला १९५६ साली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं धरायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडलं, आणि देशभरात २००५. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या काळात बाईचं स्वतःचं असं एकच, तिचं स्त्रीधन. आजारपण, वैधव्य, म्हातारपण, सगळ्याची तरतूद तीच. बँकेतली ठेव म्हणा, विमा म्हणा, जमीन म्हणा, सगळं त्या डबीत. लक्ष्मीबाईंनी दागिने दिले असं आपण म्हणतो. मला म्हणावंसं वाटतं की त्यांनी आपली सगळी इस्टेट दिली. ज्या काळात देणगीदारांची नावं दगडावर कोरून भिंतीत बसवायची रीत होती, त्या काळात ही देणगी पिठाच्या डब्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत संपली.

त्यागमूर्ती हा शब्द मला म्हणूनच थोडा खटकतो. तो वापरला की बाई देवघरात जाऊन बसते आणि तिचं काम दिसेनासं होतं. लक्ष्मीबाई रोज ठरवत होत्या. काय शिजवायचं, किती शिजवायचं, कुणाची उधारी आधी द्यायची, कुठला दागिना आधी काढायचा. ज्याला आज आपण मेस चालवणं म्हणतो, वसतिगृहाचं व्यवस्थापन म्हणतो, तेच ते काम. पगार नाही, हुद्दा नाही. रजेचं तर नावच नको!

त्या स्वयंपाकघरातला तिसरा बदल मला सगळ्यांत आवडतो. रांधायला पोरं आली! भाऊरावांचा आग्रह होता की मुलांनी स्वतःच्या कष्टावर शिकावं. शेतात राबावं, झाडलोट करावी, आणि स्वयंपाकही पाळीपाळीनं आपणच करावा. १९२० च्या दशकात, सातारा जिल्ह्यात, घरी पाण्याचा तांब्याही बहिणीनं हातात द्यायचा अशा घरांतली मुलं परातीत पीठ मळायला बसली. भाकरी थापायला बसली. मराठ्याच्या पोरानं थापलेली भाकरी महाराच्या पोरानं भाजली आणि दोघांनी मिळून खाल्ली. सहभोजनाच्या कार्यक्रमात लोक तासभर एकत्र बसत आणि घरी जात. इथं ते रोजचं घर होतं. पुढं ही मुलं मास्तर झाली, वकील झाली, पुढारी झाली. त्यांच्या बायकांना त्यांनी कधी भाकरी करून घातली का, हे विचारायला पाहिजे होतं!

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. शाहू महाराज १९२२ सालीच गेले होते. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतात, एकत्र रांधतात आणि एकत्र जेवतात, याचं गांधीजींनाही नवल वाटलं. त्या दिवसाच्या आठवणीत भाऊराव असतात, गांधीजी असतात, मुलं असतात. पाहुणे येणार म्हटल्यावर आदल्या रात्रीपासून स्वयंपाकघरात किती गडबड असते, ते आपण बायकांनी समजून घ्यायचं.

त्यानंतर जेमतेम तीन वर्षं. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. भाऊरावांचं वय तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस, आणि लक्ष्मीबाई त्यांच्याहून लहान. ज्या सोन्यावर बाईचं म्हातारपण निघायचं ते सोनं संपलं होतं, आणि म्हातारपण काही आलंच नाही. संस्थेचे चांगले दिवसही त्यांनी पाहिले नाहीत. साताऱ्यातलं अध्यापक विद्यालय १९३५ सालचं, महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० सालचं, छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ सालचं. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले तेव्हा शेकडो शाळा उभ्या होत्या, नावामागं कर्मवीर लागलं होतं, त्याच वर्षी पद्मभूषणही मिळालं होतं. लक्ष्मीबाईंनी पाहिली ती फक्त ओढाताण.

बोर्डिंगाची चूल मात्र विझली नाही. बाई गेली की घर बसतं, असं आपल्याकडं म्हणतात. इथं ते बसलं नाही, कारण पोरांना पीठ मळता येत होतं, भाकरी थापता येत होती, आणि उद्याच्याला किती पीठ लागेल याचा अंदाज बांधता येत होता.

पुढं संस्थेनं लक्ष्मीबाईंना रयतमाउली म्हटलं. सोलापुरात रयतचं महिला महाविद्यालय त्यांच्या नावानं आहे. आणखी एका ठिकाणी त्यांचं नाव लागलं, ते मला जास्त जवळचं वाटतं. शिकणाऱ्यांना पैशाची मदत व्हावी म्हणून रयतमध्ये शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली, तिला लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचं नाव दिलं गेलं. शिकायला निघालेल्या पोराला पैसे हवेत, आणि त्यापायी घरातल्या बाईची डबी उघडायची वेळ येऊ नये, अशी सोय लक्ष्मीबाईंच्या वाट्याला कधीच नव्हती.